वीतभर पंप: निवडावा कसा, वापरावा कसा

हायवेवर ढाब्याशेजारी पंक्चरवाल्याची टपरी असते, टपरीत कॉम्प्रेसर धडधडत असतो, आणि तरीही तुमच्या सायकलीत हवा भरता येत नाही. त्याच्या पाइपाचे तोंड मोटारीच्या, मोटारसायकलीच्या जाड व्हॉल्व्हसाठी केलेले असते आणि तुमच्या गिअरच्या सायकलीला जेमतेम सहा मिलिमीटर जाडीचा व्हॉल्व्ह असतो. टपरीवाला मनापासून खटपट करतो, नोझल तिरपे धरून पाहतो, फुस्स आवाज होतो आणि होती ती हवाही निघून जाते. पूर्वी गावोगावी चौकात सायकलचे दुकान असायचे, दारात उभा पंप असायचा, आणि बहुतेक सायकलींचे व्हॉल्व्हही एकाच जातीचे असायचे. आता सायकली महाग झाल्या, लांब जाऊ लागल्या, आणि वाटेवरची दुकाने मोटारसायकलींची झाली. म्हणून शहराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाजवळ स्वतःचा छोटा पंप हवा.

आपल्याकडच्या रस्त्यांवर त्याची गरज पडतेच. देशावर शेताच्या कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या फांद्या वाळून रस्त्यावर येतात. पावसाळा सरला की कडेला सराट्याची फळे सुकून पडलेली असतात आणि ती कशीही पडली तरी त्यांचा एखादा काटा वर राहतोच. हायवेच्या कडेची पट्टी, म्हणजे जिथून सायकलवाल्याला जावे लागते नेमकी तीच जागा, ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या तुकड्यांनी भरलेली असते. त्या तुकड्यांतून सुटणाऱ्या पोलादी तारा इतक्या बारीक असतात की टायरात घुसल्या तरी दिसत नाहीत. ट्यूब बदलता येणे किंवा पॅच लावता येणे हे यावरचे अर्धे उत्तर. पुष्कळजण ते शिकतात, ट्यूब आणि टायर उघडायच्या पट्ट्या घेतात आणि पंप मात्र दुकानदार देईल तो उचलतात.

दुकानात जाण्याआधी घरी दोन गोष्टी पाहून ठेवा: व्हॉल्व्ह आणि टायर.

व्हॉल्व्ह तीन जातींचे भेटतात. दूधवाल्याच्या, पेपरवाल्याच्या काळ्या सायकलीला असतो तो डनलॉप किंवा वुड्स व्हॉल्व्ह. त्याच्या जुन्या रूपात पितळी पिनेवर रबराची बारीक नळी, म्हणजे वॉलट्यूब, चढवलेली असते. जॉन बॉइड डनलॉपने बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते १८८८ साली. त्यानंतर काही वर्षांतच या सगळ्या जाती जन्माला आल्या आणि आजही त्याच चालू आहेत. दुसरा श्रेडर. मोटारीचा, मोटारसायकलीचा असतो तोच. जाड, वर काळे टोपण, टोपण काढले की मधोमध एक सुईसारखी पिन. मुलांच्या सायकली, साध्या हायब्रिड आणि बऱ्याच एमटीबींना, म्हणजे माउंटन बाइकना, हाच असतो. तिसरा प्रेस्टा. बारीक, लांब, आणि टोकाला छोटीशी पितळी चकती जी हवा भरण्यापूर्वी सैल करावी लागते. रोड बाइक आणि बऱ्या दर्जाच्या हायब्रिड यांना बहुधा हा असतो.

बाजारातले बरेचसे छोटे पंप श्रेडर आणि प्रेस्टा दोन्हींना चालतात, पण ते कसे चालतात हे विकत घेतानाच पाहून घ्या. काहींच्या तोंडाला दोन भोके असतात. काहींचे भोक एकच असते आणि ते आपोआप जमवून घेते. तिसऱ्या प्रकारात तोंडावरची चकती फिरवून उघडावी लागते, आतले रबर आणि प्लास्टिकचा छोटा तुकडा उलटा करून बसवावा लागतो. या तिसऱ्या प्रकारात पंप बिघडला असे समजून लोक तो परत करायला निघतात. बिघडलेले काही नसते, आतला तुकडा दुसऱ्या व्हॉल्व्हसाठी लावलेला असतो. प्रेस्टाला चालणारे तोंड साधारणपणे डनलॉप व्हॉल्व्हलाही धरते, त्यामुळे घरात एक जुनी काळी सायकल असेल तर तिच्यासाठी वेगळी खरेदी करावी लागत नाही.

प्रेस्टावाल्यांनी आणखी एक वस्तू घ्यावी: पितळेचा छोटा अडॅप्टर. प्रेस्टावर तो फिरवून बसवला की वरून श्रेडर तयार होतो आणि मग तो टपरीवाला, पेट्रोल पंप, कुणाच्याही गाडीतला पंप तुमच्या उपयोगी पडतो. तो व्हॉल्व्हवरच लावून ठेवू नका, हरवेल. पॅचच्या डबीत टाका. पेट्रोल पंपावर हवा भरताना मात्र नळी आपल्या हातात ठेवा. ते यंत्र मोटारीच्या ऐसपैस टायरसाठी आहे. सायकलच्या ट्यूबेत जागाच इतकी थोडी असते की दोन क्षण जास्त झाले तरी टायर रिमवरून उडू शकतो. क्षणभर दाबायचे, सोडायचे, अंगठ्याने पाहायचे, पुन्हा दाबायचे.

आता टायर. त्याच्या बाजूच्या भिंतीवर उठावाच्या अक्षरांत माप आणि दाब लिहिलेला असतो. ७०० x २५ किंवा २६ x १.९५ असे माप, आणि पुढे कमाल दाब पीएसआयमध्ये. कमाल आकडा गाठलाच पाहिजे असे नाही. तो ओलांडायचा नाही एवढाच त्याचा अर्थ. मध्यम वजनाचा माणूस २५ मिलिमीटरच्या रोड टायरात ९० पीएसआयच्या आसपास, ३५ मिलिमीटरच्या हायब्रिडमध्ये ६०च्या आसपास आणि दोन इंची एमटीबी टायरात ४०च्या आसपास हवा ठेवतो. मागच्या चाकावर वजन जास्त येते, म्हणून तिथे पाच-सात पीएसआय जास्त. नव्या प्रकारची, आतल्या कडेला टायर धरणारा हुक नसलेली हुकलेस रिम असेल तर ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या वर जायचेच नाही, टायरवर काहीही लिहिलेले असो.

हे आकडे माहीत नसतील तर पंप निवडताच येत नाही, आणि त्याचे कारण थोडे सविस्तर सांगायला हवे.

छोट्या पंपाचा स्वभाव त्याच्या नळ्याचा आतला व्यास ठरवतो. रंग, कंपनी, कार्बन फायबरची मूठ, हे सगळे नंतर. नळ्यात दट्ट्या असतो. टायरमधला दाब त्या दट्ट्याच्या तोंडावर उलटा रेटतो, आणि दट्ट्याचे तोंड जितके मोठे तितका तुमच्या हाताला जोर जास्त लावावा लागतो. २० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर भरते. टायरात ९० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६.३ किलो, इतका दाब झाला की शेवटच्या प्रत्येक फेरीला तुम्हाला साधारण २० किलोचा रेटा द्यावा लागतो. दोन हातांनी, उभ्याने, हे जमते. आता ३० मिलिमीटर व्यासाचा पंप घ्या. क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर झाले आणि त्याच दाबाला रेटा झाला ४५ किलो. ज्वारीचे अर्धे पोते दोन मनगटांनी हवेत ढकलण्याचा हा प्रकार, तोही दर फेरीला. बहुतेकांचे हात ६० पीएसआयलाच थांबतात.

मग सगळ्यांनी बारीक पंपच घ्यावा का? नाही. ३० मिलिमीटरचा पंप दर फेरीला हवाही दुपटीपेक्षा जास्त टाकतो, आणि जाड टायरला ती लागते. ७०० x २५ टायरच्या पोटात साधारण एक लिटर जागा असते. दोन इंची एमटीबी टायरात पावणेचार लिटरच्या आसपास. ९० पीएसआयसाठी रोड टायरात बाहेरची सहा लिटरांहून थोडी जास्त हवा कोंबावी लागते. एमटीबीत ४० पीएसआयसाठी दहा लिटरांच्या वर. दट्ट्याची चाल १५ सेंटिमीटर धरली तर २० मिलिमीटरचा पंप एका फेरीला ४७ घन सेंटिमीटर हवा ढकलतो, ३० मिलिमीटरचा १०६. म्हणजे हिशेबाने एमटीबीला बारीक पंपाने सव्वादोनशेच्या आसपास फेऱ्या आणि जाड पंपाने शंभर. प्रत्यक्षात गळती आणि नळीतली मोकळी जागा यांमुळे फेऱ्या दीडपटीपर्यंत जातात. जाड पंपाने ४० पीएसआयला जोरही २० किलोच लागतो, कारण तिथे दाबच कमी आहे.

तेव्हा बारीक टायर असेल तर बारीक नळ्याचा पंप, जाड टायर असेल तर जाड नळ्याचा. वेष्टनावर हाय प्रेशर, एचपी, किंवा हाय व्हॉल्यूम, एचव्ही असे लिहिलेले असते ते हेच. काही लिहिलेले नसेल तर दांडा बाहेर ओढून जाडी बघा, अंदाज येतो. ३२ ते ३८ मिलिमीटरच्या हायब्रिडवाल्यांना मधला, साधारण २२ ते २५ मिलिमीटरचा पंप पुरतो. दोन्ही गुण एकाच नळ्यात देतो असे सांगणारे पंपही मिळतात, खटका फिरवून बदलणारे. चांगल्या कंपनीचे असतील तर ते चालतात, पण त्यांत भाग जास्त, रबरी कड्या जास्त आणि म्हणून कुरबुरी जास्त. वेष्टनावरच्या "कमाल १६० पीएसआय" या दाव्याकडे तर लक्षच देऊ नका. नळा तेवढ्या दाबाला फुटत नाही एवढेच ते सांगते. तुमचा हात तिथवर पोचेल असे कुणीही म्हटलेले नाही.

लांबीही याच हिशेबातली आहे. तळहाताएवढे, जर्सीच्या खिशात नाहीसे होणारे पंप दिसायला फार गोड असतात. चाल आठ-नऊ सेंटिमीटरच असल्याने फेऱ्या दुप्पट होतात. शर्यतीत भाग घेणारे, ज्यांच्यामागे गाडी असते, त्यांनी घ्यावेत. ताम्हिणीत किंवा सागरी महामार्गावर एकट्याने फिरणाऱ्याने एक वीतभर, वीस-बावीस सेंटिमीटर लांबीचा पंप घ्यावा. शंभरेक ग्रॅम वजन वाढले तर घाटात काही फरक पडत नाही. दोन पाण्याच्या बाटल्या नेणाऱ्याने पंपाच्या ग्रॅमची चिंता करणे मला तरी कळत नाही.

आणि नळी. माझे स्पष्ट मत आहे की छोटा पंप घ्यायचा तर रबरी नळी असलेलाच घ्यावा. नळी नसलेल्या पंपाचे तोंड थेट व्हॉल्व्हवर बसते. हात दमला की पंप डुलू लागतो, प्रत्येक फेरीचा हिसका व्हॉल्व्हच्या दांड्याला बसतो, आणि प्रेस्टाची ती बारीक पिन वाकते किंवा दांडा ट्यूबेच्या बुडाशी फाटतो. तिथे पॅच लागत नाही. नळी असली की पंप व्हॉल्व्हपासून सुटा होतो, जमिनीवर टेकवता येतो, मैलाच्या दगडावर रोखता येतो. नळी बहुधा पंपाच्या आतच सरकवून ठेवलेली असते. काहींची नळी व्हॉल्व्हवर आट्यांनी फिरवून बसते, काहींना खटका असतो. आट्यांची पकड घट्ट, पण तिच्यात एक खोड आहे. प्रेस्टाचा आतला गाभा सुटा असेल तर नळी काढताना तो गाभाच नळीबरोबर फिरून बाहेर येतो आणि भरलेली सगळी हवा एका क्षणात जाते. गाभ्यावर चपट्या कडा दिसत असतील तर तो सुटा आहे. घरीच छोट्या पान्याने किंवा पकडीने हलकेच आवळून ठेवा. खटक्यावाल्या नळीत ही भीती नाही.

पायाखाली धरायची छोटी पट्टी आणि उघडणारी आडवी मूठ असलेला एक प्रकार मिळतो. तो जमिनीवर उभा करून अंगाच्या भाराने दाबायचा. तैवानच्या टोपीकचे मॉर्फ पंप या जातीचे. वजन जास्त, लांबी जास्त, फ्रेमला लटकवल्यावर दिसायला बेढब. तरी अनेक दिवसांच्या सफरीला निघालात तर हाच घ्या, कारण त्यात हाताऐवजी शरीर काम करते आणि ९० पीएसआय खरोखर गाठता येतो. ओढताना आणि ढकलताना दोन्ही वेळा हवा टाकणारे पंप असतात, त्यांचा मला फारसा मोह नाही. फेऱ्या वाचतात खऱ्या, पण ओढताना जोर देणे मनगटाला अवघड जाते.

दाबमापकाचेही सांगतो. एवढ्याशा पंपावरचा काटा मण्याएवढा असतो, त्यावर पाच-दहा पीएसआयचा फरक सहज पडतो. असला तर असू द्या, त्यासाठी जादा पैसे मोजू नका. घरी मात्र काट्याचा उभा पंप असावाच. रोजची, आठवड्याची हवा त्याने भरा. छोटा पंप वाटेतल्या अडचणीसाठी आहे, रोज वापरलात तर त्याची रबरे लवकर झिजतात.

कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या आणि बॅटरीचे पंप यांविषयी थोडक्यात. १६ ग्रॅमची एक नळकांडी रोड टायर काही सेकंदांत टणक करते. हातमोजा घालून किंवा फडक्यात धरून वापरा, कारण वायू सुटताना धातू बर्फासारखा गार होतो. एक नळकांडी एकदाच, चुकली तर गेली. शिवाय हा वायू ट्यूबेच्या रबरातून साध्या हवेपेक्षा झपाट्याने झिरपतो, दुसऱ्या दिवशी टायर मऊ सापडतो. मुठीएवढे बॅटरीचे पंप आता चांगले निघाले आहेत आणि मनगट अधू असलेल्यांना, वयस्क सायकलस्वारांना ते वरदान आहेत. फक्त चार्जिंग संपलेले असू शकते, पावसात ते उघडता येत नाहीत आणि चालू असताना तोंडाशी चांगलेच तापतात. प्लास्टिकच्या व्हॉल्व्हच्या हलक्या टीपीयू ट्यूबा वापरत असाल तर छोटी नळी मध्ये लावल्याशिवाय असा पंप लावू नका. दोन्ही साधने हातपंपाच्या जोडीला ठेवावीत, बदली म्हणून नको.

रस्त्याच्या कडेला

पंक्चर झाल्यावर पहिले काम रस्त्यापासून दूर होण्याचे. सावली, सपाट जागा, आणि गाड्यांकडे पाठ नको. चाक काढलेत, टायर एका बाजूने उघडलात, ट्यूब बाहेर आली. आता टायरच्या आतून फडके किंवा मोजा सावकाश फिरवा. बोटे फिरवलीत तर काटा बोटात जाईल. फडके जिथे अडकेल तिथे काटा किंवा तार आहे. ही तपासणी टाळून नवी ट्यूब घालणारा माणूस दहा मिनिटांनी पुन्हा त्याच जागी बसतो, आणि या वेळी त्याच्याकडे ट्यूब नसते.

नव्या ट्यूबेत आधी दोन-तीन फेऱ्या हवा भरा. ती नुसती गोल व्हायला हवी, ताठ नको. अशी ट्यूब टायरात नीट बसते, पीळ पडत नाही, रिमच्या कडेखाली चिमटत नाही. टायर हाताने बसवा, शेवटची वीतभर कड घट्ट वाटेल तेव्हा अंगठ्यांनी ढकला. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून परत बाहेर ओढा, म्हणजे त्याच्या बुडाशी ट्यूब अडकली असेल तर सुटेल. वीसेक पीएसआय भरून चाक हातात फिरवा. टायरच्या भिंतीवर रिमला समांतर एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारखी दिसली पाहिजे. कुठे फुगवटा किंवा कुठे रेघ गडप असेल तर हवा सोडून हाताने जमवा. ६० पीएसआयला हे कळले तर उशीर झालेला असतो, अनेकदा धडाम आवाजाने कळते.

प्रेस्टाची टोकाची चकती शेवटपर्यंत सैल करा आणि बोटाने एकदा हलकेच दाबा. फुस्स झाले पाहिजे. बरेच दिवस न उघडलेला व्हॉल्व्ह आतून चिकटून बसतो आणि मग पंप कितीही मारा, दांडा हलत नाही. हे एक दाबणे विसरल्याने अनेकजण पंपाला दोष देतात. नंतर नळी किंवा तोंड सरळ, पुरेसे खोल बसवा आणि खटका उचला. रिम उंच असेल तर व्हॉल्व्ह बाहेर किमान दीड-दोन सेंटिमीटर दिसला पाहिजे, नाहीतर तोंडाला धरायला जागाच मिळत नाही.

आता फेरी. इथे पंपापेक्षा माणसाची पद्धत महत्त्वाची. घाबरलेला माणूस भराभर, अर्धे-अर्धे झटके मारतो आणि दोन मिनिटांत दमतो, टायर आहे तिथेच. कारण असे: टायरात ९० पीएसआय असताना पंपातली हवा दाबली जाऊन तिचा दाब त्याहून जास्त झाल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडतच नाही. तापमानाचा परिणाम सोडला तर त्यासाठी नळ्यातली हवा सातव्या हिश्शापर्यंत आवळावी लागते. म्हणजे चालीचा बहुतेक भाग हवा आवळण्यातच जातो आणि ती टायरात शिरते शेवटच्या दोन-अडीच सेंटिमीटरात. अर्धा झटका मारून दांडा मागे घेतलात तर काहीच शिरले नाही, फुकट हात हलवला. दांडा पूर्ण मागे, पूर्ण पुढे, तळाशी टेकवून, सावकाश. सुरुवातीच्या फेऱ्या हलक्या असतात तेव्हा वेग चालेल. जड झाल्यावर प्रत्येक फेरी शेवटपर्यंत.

पंपाला नळी नसेल तर व्हॉल्व्ह सोयीच्या उंचीवर येईल असे चाक फिरवा, डाव्या हाताने पंपाचे तोंड आणि टायर एकत्र मुठीत धरा, अंगठा टायरवरून पलीकडे. उजव्या हाताचा रेटा डाव्या हातात जिरला पाहिजे, व्हॉल्व्हवर जाता कामा नये. डावा कोपर गुडघ्यावर टेकवला तर बरे. नळीवाला पंप असेल तर एक टोक मांडीवर, भिंतीला किंवा दगडावर रोखा आणि अंगाचा भार येऊ द्या. पन्नास-साठ फेऱ्यांनी थांबा. हवा दाबली की तापते, छोट्या धातूच्या नळ्याचे तोंड चटका बसेल इतके गरम होते, आणि त्या उष्णतेने आतली रबरी कडीही लवकर मरते.

कधी थांबायचे? ९० पीएसआयचा हट्ट धरू नका. ६५-७० झाले की निघा, थोडे मऊ लागेल, पण घरी किंवा पुढच्या सायकल दुकानापर्यंत जाता येते. खड्डे आणि गतिरोधक मात्र सांभाळून घ्या. कमी हवेचा टायर खड्ड्यात रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबेला शेजारीशेजारी दोन छिद्रे पडतात. किती हवा झाली हे काट्याशिवाय ओळखायचे तर पंक्चर न झालेले चाक शेजारी आहेच. दोन्ही टायर बाजूंनी अंगठा व तर्जनीत दाबून तुलना करा. वरून दाबू नका, वरून सगळेच टायर टणक वाटतात.

पंप काढताना जो फुस्स आवाज येतो त्याने दचकू नका. तो बहुतांशी नळीत अडकलेल्या हवेचा असतो, टायरमधली हवा तशीच राहते. तोंड सरळ, एका झटक्यात ओढा. हलवत, तिरके करत काढले तर पिन वाकते. मग चकती आवळा, टोपण लावा.

उंचीवर हिशेब बदलतो. महाबळेश्वरला वातावरणाचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो, तिथे थोड्या फेऱ्या वाढतात एवढेच. मनाली–लेह करून पुढे खारदुंग लाला जाणारे मराठी सायकलस्वार आता पुष्कळ आहेत, त्यांनी लक्षात ठेवावे की ५,३०० मीटरच्या वर हवा जवळपास निम्मी विरळ असते आणि पंपाची प्रत्येक फेरी निम्मीच हवा आत टाकते. तिथे तळहाताएवढा पंप नेणे म्हणजे छळ आहे.

ट्यूबलेस टायरवाल्यांसाठी वेगळे दोन शब्द. टायर रिमवरून पूर्ण सुटला तर छोट्या पंपाने तो परत बसेल ही आशा सोडा, जोडीला ट्यूब ठेवा. नुसती हवा वाढवायची असेल तर व्हॉल्व्ह तळाशी न ठेवता बाजूला आणा, क्षणभर थांबा आणि मग नळी लावा, नाहीतर आतले सीलंट नळीत शिरून सुकते आणि पुढच्या वेळी हवाच जात नाही.

घरी एकदा तालीम

पंप विकत आणला की त्याच आठवड्यात एक संध्याकाळ काढा. मागच्या चाकातली सगळी हवा सोडा आणि फक्त छोट्या पंपाने भरा. फेऱ्या मोजा. हात कुठे थांबतो ते पाहा, मग उभ्या पंपाचा काटा लावून त्या जागेचा दाब वाचा. तो आकडा तुमचा. हे केले की पंप चुकीचा घेतला असेल तर ते दुकानात परत करता येण्याच्या मुदतीत कळते. घरातल्या दुसऱ्या माणसालाही करून पाहायला लावा, विशेषतः एकट्याने कॉलेजला किंवा क्लासला सायकलने जाणाऱ्या मुलामुलींना. गटाने जाणाऱ्यांत "एकाकडे आहे ना पंप" असे नेहमी ठरते. तो एक जण नेमका पुढच्या चहाच्या टपरीवर पोचलेला असतो, किंवा त्याचा पंप जाड टायरचा असतो. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी होणाऱ्या ब्रेव्हेंमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्यांमध्ये, तर २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात आणि नियंत्रण चौक्या सोडून वाटेत बाहेरची मदत घेता येत नाही. रात्री दोन वाजता डोक्यावरच्या दिव्यात व्हॉल्व्हची चकती सैल करायला तालीमच उपयोगी पडते.

पंप ठेवायचा कुठे? त्याच्याबरोबर येणारी कडी बाटलीच्या जाळीखाली बसते, तिथे तो ठीक दिसतो, पण खराब रस्त्यावर उसळून पडतो आणि पडल्याचे कळत नाही. जुन्या ट्यूबेची बोटभर रुंद गोल पट्टी कापून वरून अडकवा. पावसाळ्यात आणि कोकणातल्या लाल मातीत पंप बाहेर ठेवूच नका, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बॅगेत टाका. चिखल तोंडात शिरला की पहिल्या फेरीला तो तुमच्या व्हॉल्व्हमध्ये जातो.

देखभाल फार नाही. सहा महिन्यांनी नळा उघडा, दांडा पुसा, दट्ट्यावरच्या रबरी कडीला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. शिलाई मशिनचे किंवा गाडीचे तेल ओतू नका, काही रबरे त्याने फुगतात. घरच्या जुन्या उभ्या पंपात चामड्याचा वायसर असेल तर त्याची गोष्ट उलटी आहे. तो वाळला की हवा धरत नाही. खोलून, थेंबभर तेल चोळून, कड बोटाने पसरवून परत बसवला की वर्षभर चालतो. छोट्या पंपात तोंडातले रबर सगळ्यात आधी जाते. व्हॉल्व्हच्या कडेने हवा सुटू लागली की तेच झिजले असे समजा. म्हणून पंप घेतानाच त्या कंपनीचे सुटे रबर आणि कड्या मिळतात का, हे दुकानदाराला विचारा. मिळत नसतील तर जरा महाग असला तरी ज्याचे मिळतात तो पंप घ्या, आणि त्याच दिवशी एक जादा संच घेऊन पॅचच्या डबीत टाका.